पाचव्या कलमातलं एक वाक्य

"विलच चालत न्हाई म्हणतोय भाईजान." शमीमने फाइल माझ्या टेबलावर ठेवली. समोर खुर्ची असूनही ती उभीच राहिली. "तुमी तर म्हणला व्हता, पक्कं हाय."

म्हटलं होतं खरं. चार वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून तिच्या वडिलांना, हुसेनभाई नदाफांना, मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की आता काळजी सोडा. हुसेनभाई जाऊन नऊ महिने झाले होते. लवळे फाट्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान. मागे राहायची एक खोली. हे सगळं मृत्युपत्राने शमीमला दिलेलं. आता ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या उताऱ्यावर तिचं नाव लावायचं होतं आणि त्याला दुसऱ्या वारसाची हरकत यायला नको होती. दुसरा वारस म्हणजे एकच, तिचा थोरला भाऊ रफिक. आई आधीच गेलेली. नेमकी रफिकनेच लेखी हरकत दिली होती.

मी हसले. तीस वर्षं पौडला वकिली केल्यावर माणूस अशा हरकतींना हसायला शिकतो.

"अगं, रजिस्टर केलेलं मृत्युपत्र आहे. दोन साक्षीदार आहेत. पानापानावर सही आहे. चालत नाही म्हणजे काय?"

"बावधनच्या कुण्या वकिलांनी सांगितलंय त्याला. आमच्यात असं चालत न्हाई म्हणं."

'आमच्यात' हा शब्द ऐकला आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी फाइल ओढून घेतली. वाचायची खरं तर गरज नव्हती. बावधनच्या वकिलाचं बरोबर होतं.

वाचकांसाठी सोपं करून सांगते. हिंदू माणूस स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राने वाटेल त्याला देऊ शकतो. एका मुलाला सगळं, दुसऱ्याला काही नाही, असंही चालतं. मुस्लिम कायद्यात तसं नाही. तिथे वारसांचे हिस्से ठरलेले असतात. एक मुलगा, एक मुलगी असेल तर तीनातले दोन भाग मुलाचे, एक मुलीचा. मृत्युपत्राने एखाद्या वारसाला जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. तीही माणूस गेल्यानंतर दिलेली. संमती नसेल तर ती देणगी टिकत नाही, मग त्या कागदावर कितीही शिक्के असोत.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लॉ कॉलेजात या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते. पण माझं सगळं काम सातबारा, वाटप, हक्कसोड, सामाईक बांध असलं. आणि हुसेनभाई आले होते ते एका शेजाऱ्याचा दाखला घेऊन.

"त्यांचं केलंत तसंच माझं करा, वकीलबाई," ते म्हणाले होते.

त्या शेजाऱ्याचं नाव मी इथेही लिहिणार नाही. फाट्यावर दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. एकाने बोअर मारली की दुसऱ्याने मारायची, एकाने पत्रे बदलले की दुसऱ्याने बदलायचे. ईदचा शिरखुर्मा इकडून तिकडे, दिवाळीची करंजी तिकडून इकडे. शेजाऱ्याने मृत्युपत्र केलं म्हटल्यावर यांनाही करायचं होतं, आणि तसंच करायचं होतं. शेजाऱ्याला एक मुलगा, एक मुलगी, सगळं मुलीला. यांनाही एक मुलगा, एक मुलगी, सगळं मुलीला. मला तर मापाचा शिवलेला सदराच मिळाल्यासारखं झालं. कॉम्प्युटरवर शेजाऱ्याची फाइल उघडली, सेव्ह ॲज केली, नावं बदलली, चतुःसीमा बदलल्या. अर्ध्या तासात मृत्युपत्र तयार. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकही वाटलं असणार.

"मॅडम, दुकान जाईल व्हय?" शमीमने विचारलं.

शमीम तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. लग्न मोडून तरुणपणीच माहेरी आलेली. मूलबाळ नाही. वडिलांच्या हाताखाली कापूस पिंजायचं मशीन शिकली आणि पुढे दुकान तिनेच ओढलं. लवळ्याच्या डोंगरावर कॉलेजं आली, होस्टेलं आली, तशी तिने पोरांच्या अरुंद कॉटच्या मापाच्या गाद्या करायला सुरुवात केली. वर्ष संपलं की पोरं गाद्या टाकून जातात. त्या ती गोळा करते, कापूस पुन्हा पिंजून घेते. गादी नुसती तळहाताने दाबून किती दिवस टिकेल ते सांगते. या दुकानापलीकडे तिला जगात काही नाही. मागच्या खोलीत झोपायचं, पुढे येऊन शटर उघडायचं.

"रफिकला बोलाव," मी म्हटलं. "संमती दिली तर काही जात नाही."

"त्यो माझा फोन उचलत न्हाई. अब्बांच्या चाळिसाव्याला जेवता जेवता उठून गेला, त्ये गेलाच."

मग मीच फोन केला.

शनिवारी रफिक आला. शमीम आधीच येऊन बसली होती. तिच्याकडे न बघता तो बसला. पन्नाशीचा माणूस, चाकणला एका कंपनीत सुपरवायझर, बावधनला फ्लॅट. इस्त्रीचा शर्ट, आवाज खालचा. मी भांडखोर भावाची तयारी करून बसले होते. तसा तो अजिबात नव्हता.

"मॅडम, मी भांडायला आलो नाही. कायद्याने तीनात दोन भाग माझे. बरोबर?"

"बरोबर."

"मग ते मला द्या. दुकान विकू. तिच्या वाट्याचं तिला मिळेल."

"तुम्हाला अडचण आहे का काही?"

"नाही."

"मग विकायची घाई कशाला? तिचं पोट आहे त्याच्यावर."

"ते मला माहीत आहे. अब्बा गेले त्या दिवशी मीच हिला म्हटलं होतं, दुकान तुझंच, मला काही नको. विचारा." शमीमने मान हलवली. "मग चाळिसाव्याला कपाटातून विल निघाली. कुणीतरी मोठ्याने वाचली."

त्याने टेबलावरच्या मृत्युपत्राकडे बोट केलं, पण उघडलं नाही. त्याला पाठ होतं. "कलम पाच. 'माझ्या मुलाने माझ्या आजारपणात माझी विचारपूस केली नाही व म्हातारपणी मला वाऱ्यावर सोडले, सबब मी त्यास या मिळकतीत कोणताही हिस्सा ठेवलेला नाही.'"

त्याने बोट मागे घेतलं.

"अब्बांची छाती कापसाच्या धुळीने गेली होती," तो म्हणाला. "शेवटची दोन वर्षं महिन्यातून दोनदा, हाफ डे टाकून, मी त्यांना डॉक्टरकडे नेत होतो. विल त्याच्या आधीची आहे, मान्य. पण माणूस कागद बदलू शकतो ना? गाडीत माझ्या शेजारी बसायचे. येताना चांदणी चौकात चहा प्यायचो आम्ही. आणि घरी कपाटात हे ठेवलेलं होतं. सगळ्या पाहुण्यांसमोर वाचलं ते. माझी मुलं होती तिथे."

"अब्बा असलं कदी बोललेच न्हाईत रे," शमीम म्हणाली.

"मग लिहिलं कुणी?"

प्रश्न बहिणीला होता. मी मात्र खाली कागदाकडे बघू लागले. माणसाला स्वतःचं अक्षर ओळखू येतं तशी वकिलाला स्वतःची वाक्यंही ओळखू येतात. 'वाऱ्यावर सोडले' हे माझं होतं. आणि ते मी हुसेनभाईंसाठी लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.

"सोमवारपर्यंत वेळ द्या मला," मी म्हटलं.

रविवारी ऑफिस उघडून जुनी फाइल काढली. शेजाऱ्याचं मृत्युपत्र, कलम पाच. शब्द न् शब्द तेच. त्या माणसाच्या मुलाने बापाला खरंच वाऱ्यावर सोडलं होतं. बाप माझ्यासमोर रडला होता आणि हे वाक्य घालाच म्हणाला होता. मी फाइल सेव्ह ॲज करताना नावं बदलली, चतुःसीमा बदलल्या, आणि त्या माणसाचं दुःख हुसेनभाईंच्या नावावर तसंच राहू दिलं.

तुम्ही म्हणाल, सही करण्याआधी वाचून दाखवलं नाही का? दाखवलं होतं. मशीनच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्याने हुसेनभाईंना ऐकू कमी यायचं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. नोंदणीच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर मी त्यांना कागद वाचून दाखवला. आजूबाजूला अर्धा तालुका बसलेला. मृत्युपत्राचा मजकूर ओरडून वाचायचा नसतो, म्हणून मी हळू वाचला. ते प्रत्येक कलमाला "व्हय, व्हय" म्हणत होते. आपल्या वकीलबाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, अशा चेहऱ्याने. ते आठवून मला आजही कसंतरी होतं.

मी कोर्टातल्या एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कशाला अंगावर ओढून घेतेस? अशील गेलाय. तो हे बोललाच नव्हता, हे कोण सिद्ध करणार? संमती काढ त्या भावाकडून आणि मोकळी हो."

सल्ला चुकीचा नव्हता. तालुक्यात वकिलाचं नाव हेच त्याचं भांडवल. दुसरी अडचणही होती. शेजाऱ्याचं मृत्युपत्र मी रफिकला दाखवू शकत नव्हते. तो माणूस अजून हयात आहे, आणि अशिलाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणजे चूक माझी, हे फक्त माझ्या तोंडच्या शब्दावर त्याने मानायचं. बहिणीच्या बाजूच्या वकिलीणबाई सोयीची गोष्ट रचतायत, असं तो म्हणाला असता तर मी काय उत्तर देणार होते?

मग वह्या आठवल्या. माझे सीनियर सांगायचे, अशील पहिल्यांदा बोलतो ते त्याच्याच भाषेत लिहून ठेव, कायद्याची भाषा नंतर घाल. ती सवय मला अजून आहे. दोनशे पानी शाळेच्या वह्या, कपाटाच्या खालच्या खणात. चार वर्षांपूर्वीची वही दुपारी सापडली. एका पानावर हुसेनभाईंचं टिपण होतं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि वही पर्समध्ये टाकली.

सोमवारी मी दुकानात गेले. वकिलाने अशिलाच्या दारात जायचं नसतं म्हणतात. पण चूक कबूल करायची तर समोरच्याला आपल्या ऑफिसात बोलावणं मला बरं दिसेना. मी फोन केला म्हणून रफिक कामावरून परस्पर आला होता आणि शटरपाशीच उभा होता. शमीमने मशीन बंद केलं. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. मला बसायला गाद्यांच्या थप्पीशिवाय जागा नव्हती.

"आधी कायद्याचं सांगते," मी म्हटलं. "रफिकभाई, तुमच्या संमतीशिवाय हे मृत्युपत्र तुमच्या बहिणीला तिच्या हिश्शापलीकडे काही देऊ शकत नाही. हे मी तुमच्या वडिलांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते हयात असताना दुकान बक्षीस देता आलं असतं, त्याचा वेगळा रस्ता होता. तोही दाखवला नाही. ही माझी पहिली चूक."

शमीमचा चेहरा उतरला.

"दुसरी चूक त्याहून वाईट आहे. पाचवं कलम तुमच्या वडिलांचं नाही. ते दुसऱ्या एका माणसाचं आहे. मी जुन्या कागदावरून हा कागद केला आणि ते वाक्य काढायचं राहिलं. तुमच्या वडिलांना मी ते हळू आवाजात वाचून दाखवलं. त्यांना ते ऐकूच गेलं नसणार."

रफिकचा खालचा आवाज पहिल्यांदा चढला.

"राहिलं? मॅडम, आठ महिने मी त्यांच्या कबरीवर गेलो नाही. आठ महिने! शब-ए-बारातला सगळे कबरस्तानात गेले, मी घरी बसलो. आणि तुम्ही म्हणता काढायचं राहिलं?"

"हो."

"एवढंच?"

"माझी तक्रार करायची असेल तर कुठे आणि कशी करायची, ते मी लिहून देते. माझ्याविरुद्ध तुम्हाला वकील मिळणार नाही असं समजू नका."

"भाईजान," शमीम म्हणाली, "तू चाळिसाव्याला ताट टाकून गेलास. म्या ते रात्रीपातूर झाकून ठेवलं व्हतं. वाटलं, येशील."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "तुमचं खरं कशावरून मानायचं? ही तुमची अशील. तुम्ही हिच्यासाठी काहीही सांगाल."

मी पर्समधून वही काढली, पान उघडलं आणि त्याच्या हातात दिली. तारीख घातलेली होती. वर-खाली दुसऱ्या अशिलांची टिपणं होती, ती मी कागद लावून झाकली होती. मधे हुसेनभाई होते. त्यांच्या बोलण्यातलं जेवढं मला टिपता आलं तेवढं, गिचमिड अक्षरात:

'दुकान शमीमला. तिला दुसरं काय न्हाई. अन् तिच्याबिगर दुकान चालायचं न्हाई. रफिकचं मला टेन्शन न्हाई. पोरगं गुणाचं हाय. आईच्या टायमाला त्यानंच सगळं केलं. त्याला इचारायची बी गरज न्हाई. त्यो मला न्हाई म्हणायचा न्हाई.'

त्याच्यापुढे समासात मी लिहिलेलं होतं: 'मुलाशी बोलून घेणे?' प्रश्नचिन्हासकट. ते मी कधी केलंच नाही. कायद्याला नेमकं तेवढंच हवं होतं, मुलाला विचारणं. आणि बापाला नेमकी त्याचीच गरज वाटली नव्हती.

रफिकने पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही हातात तशीच घेऊन तो दुकानाबाहेर गेला. समोरून होस्टेलकडे जाणाऱ्या रिक्षा चालल्या होत्या. तो रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला. शमीम उठायला लागली, मी तिचा हात धरला. दोन मुली गादीचं माप घेऊन आल्या, शमीमने त्यांना "जरा थांबा गं" म्हणून बाजूला बसवलं.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने ते लपवलेही नाहीत.

"अक्षर तुमचं आहे," तो म्हणाला. "बोलणं अब्बांचं आहे. 'टेन्शन न्हाई' हे तेच म्हणायचे. गाडीत बसले की पट्टा लावताना दर वेळी. तू हायेस, मला टेन्शन न्हाई."

मग तो बहिणीकडे वळला. "शमा, कुठे सही करायची?"

मी मधे पडले. "आज नाही. आज तुम्ही काहीही सही कराल. आधी बावधनच्या तुमच्या वकिलांना भेटा. तुम्ही किती सोडताय ते त्यांच्याकडून नीट समजून घ्या. मग या."

"मॅडम, तुम्ही आता कशाला अडवताय?" शमीमला राहवलं नाही. तिचा जीव नऊ महिने टांगणीला होता. मला तिचं समजत होतं. पण नीट न ऐकता केलेल्या एका सहीने काय झालं ते आम्ही तिघंही बघत होतो.

रफिक वकिलाला भेटला आणि आठवड्याने आला. या वेळी संमतीपत्र मी कोऱ्या पानावर टाइप केलं. प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचलं आणि मग त्याला म्हटलं, आता तुमच्या शब्दांत मला सांगा यात काय आहे. त्याने सांगितलं. दुकान पूर्ण शमीमचं. इतक्यात शमीम म्हणाली, "मागल्या खोलीला त्याचं बी नाव लावा. लहानपणी तितंच झोपायचा त्यो. ईदला यायला घर नको व्हय त्याला?" रफिक नको नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही. मी ते पान पुन्हा टाइप केलं.

पौडच्या ऑफिसात नोंदणी झाली. तिथल्या साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, स्वखुशीने देताय ना? रफिक म्हणाला, "आता हो."

बाहेर आल्यावर त्याने मला थांबवलं. तक्रारीचा विषय अजून संपलेला नव्हता.

"त्या वहीच्या पानाची झेरॉक्स मिळेल का, मॅडम? मुलांना दाखवायची आहे. ते होते ना तिथे, वाचलं तेव्हा."

वकिलाने वहीचं पान फाडायचं नसतं. मी फाडलं. दुसऱ्या अशिलांचा मजकूर मी कात्रीने कापून काढला आणि हुसेनभाईंचा तुकडा त्याला दिला. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली.

तक्रार त्याने केली नाही. केली असती तर मी काही बोलू शकले नसते. आता माझ्या कॉम्प्युटरवर मृत्युपत्राचा नमुना नाही. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून टाइप करते आणि ऐकू कमी येणारा अशील असला तर दार लावून ओरडून वाचते. अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागतात. लोक म्हणतात, बाई हल्ली हळू झाल्या आहेत.